पंच्याऐंशीचा आकडा

"मग खोटं कोण बोलतंय? पडदा की बाई?"

केशवगीर बाबांनी एवढंच विचारलं आणि कागद परत केला.

हेरंबने तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "महाराज, यंत्र खोटं बोलत नाही. दहा संगणक, दहा पडदे. प्रत्येक पडदा सेकंदाला पंच्याऐंशी वेळा नव्याने उजळतो. एवढ्या वेगाला थरथर दिसतच नाही. सगळे सारखे."

मठात जुन्या पोथ्या संगणकावर उतरवायचं काम चालू होतं. पडदे जुने, पेटीसारखे, कुणीतरी दान दिलेले. हेरंब नाशिकहून आला होता. संगणकात काय काय आहे ते सांगणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. त्याचा त्याला गर्व होता. असायला हरकत नव्हती, काम चांगलं होतं.

पोथ्या टाईप करणाऱ्यांत कावेरीबाई होती. तिचं डोकं दुखे. पडदा थरथरतो, म्हणायची. दुसऱ्या कुणाला थरथर दिसेना. कारभाऱ्यांनी ठरवलं, यंत्राने दोष दाखवला नाही तर बाईने उद्यापासून भाकऱ्या थापायला जावं.

ती दारातच उभी होती.

"भाकऱ्यांचं वाईट नाही, बाबा. पण माझी पोथी अर्धी राहिली."

बाबा उठले आणि तिच्या संगणकापाशी गेले. भगवी घेण्याआधी एकोणीस वर्षं त्यांनी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवलं होतं. मठात सगळ्यांना ते माहीत होतं. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत.

"बस इथे."

हेरंब तिच्या खुर्चीत बसला.

"काय दिसतं?"

"अक्षरं. स्थिर आहेत."

"नीट बघ."

"नीटच बघतोय, महाराज. आता काय डोळे काढून चिकटवू?"

"आता बघूच नकोस."

"...म्हणजे?"

"डावीकडे भिंतीवर कॅलेंडर आहे. तारीख वाच. मान पडद्याकडे वळवायची नाही."

हेरंब हसला. लहान मुलाला खेळवावं तसं त्यांना खेळवू द्यावं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने वाचायला सुरुवात केली.

"बुधवार... अठरा..."

तो थांबला.

डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा थरथरत होता. वारा लागलेल्या पणतीसारखा.

त्याने मान वळवली. स्थिर.

पुन्हा कॅलेंडर. पुन्हा थरथर.

तो कावेरीबाईकडे वळला.

"बाई, तुम्ही टाईप करताना बघता कुठे?"

"पोथीकडे. बाकीचे फोटोवरून उतरवतात, त्यांचे फोटो पडद्यावरच असतात. माझी पोथी काळी पडलीये, तिचा फोटो येत नाही. ती इथे डावीकडे ठेवते. पडद्याकडे बघायला मला फुरसत कुठे, साहेब? एक काना चुकला तर हे बाबा जेवू देत नाहीत."

बाबांनी हेरंबकडे पाहिलं. "पंच्याऐंशी कुठून आलं?"

हेरंब पडद्यावरची धूळ पुसू लागला.

"विचारतोय मी."

"या संगणकाने आकडा दिलाच नाही, महाराज. नुसतं 'एक' असं उत्तर दिलं. त्याचा अर्थ, ठरलेलं आहे ते चालू आहे, किती ते सांगता येत नाही."

"मग?"

"कागदावर ते बरं दिसेना. पडदा जास्तीत जास्त किती वेळा उजळू शकतो, हे पडद्यातच नोंदलेलं असतं. मी ते घेतलं."

"बैल किती ओढू शकतो ते लिहिलंस. आज किती ओढतोय ते नाही."

हेरंबचे कान लाल झाले. त्याने माऊस ओढला, सेटिंग उघडलं आणि नुसत्या 'ठरलेलं'च्या जागी पंच्याऐंशी केलं. पडदा क्षणभर काळा झाला. परत आला.

तो खुर्चीतून उठला. कावेरीबाई बसली. तिने पोथीचं पान पुढे घेतलं आणि त्या पानाकडे पाहत राहिली.

"थांबलं," ती म्हणाली.

मग तिने पदर खोचला आणि टाईप करायला लागली. कुणाकडे पाहिलं नाही.

कारभाऱ्यांसाठीचा कागद हेरंबने आपल्याच हाताने फाडला.

"नुसतं 'एक' सांगणारे आणखी तीन आहेत," तो म्हणाला. "आज सगळे तपासतो. प्रोग्रॅमही दुरुस्त करतो. पण महाराज, संगणक सांगत नाही तिथे मी काय लिहू?"

"खरं काय आहे?"

"माहीत नाही, हेच खरं आहे."

"मग तेच लिही."

"पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्या यंत्राला विचारायला येणार कोण?"

बाबा दारापाशी पोचले होते. पायात खडावा घालत ते म्हणाले,

"कुणी नाही. बाईला विचारतील."