गुडघ्यामागची जागा

"पण मग ती गाठ परत का येते, सर?"

शार्दूलने पुन्हा विचारलं. डॉ. मुळगुंद शेंगा फोडून दाणे वाटीत टाकत राहिले.

डॉ. शार्दूल खर्शीकर म्हणजे गुडघ्यांचा नावाजलेला सर्जन. आपल्या थिएटरात दुसऱ्या सर्जनला पाय ठेवू देत नाही, हे तो मोठ्या ऐटीत सांगायचा. अशा माणसाला एका पोरीच्या गुडघ्याने जेरीस आणलं होतं. निवृत्त गुरूंच्या दारात यायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं, आणि आल्यावर बघतो तर म्हातारा शेंगा सोलतोय!

पोरगी म्हणजे अश्लेषा मगदूम, शाळेत खो-खो शिकवणारी. गुडघ्याच्या आतल्या अस्तराला गाठ, लाखात एखाद्याला होणारी. कॅन्सर नव्हे, पण अस्तरभर पसरते, सांध्यात रक्ताळ पाणी साठवते आणि हळूहळू हाड कुरतडते. शार्दूलने दुर्बिणीतून ती दोनदा खरवडून काढली. गुडघा पुन्हा टम्म सुजला. आता खाली बसता तरी येईल का, हे विचारायला ती उद्या येणार होती.

"अस्तर सगळं काढलंस?"

"दिसलं तेवढं सगळं."

"तिला टेबलावर झोपवलीस कशी?"

"उताणी. सगळेच तसं झोपवतात, सर!"

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

सरांनी हात झटकले. उठून खाटेपाशी गेले आणि चक्क पालथे पडले.

"सर, बरं नाही का वाटत?"

"उत्तम वाटतंय. गुडघा तपास."

"सर, मी ओपीडी सोडून कोल्हापूरहून आलोय. तुमचा गुडघा..."

"तपास."

शार्दूलचं डोकं फिरलं. पण इतक्या वर्षांची सवय, हात आपसूक पुढे गेला. सरांचा पाय जरा वाकवून त्याने गुडघ्यामागच्या खोलगट जागेत बोटं घातली. आत खोलवर काहीतरी थडथडत होतं.

त्याने हात काढून घेतला.

"काय लागलं?"

"धमनी."

"मग हात का काढलास?"

"कारण तिथे धमनी आहे, सर!" शार्दूलचा आवाज चढला. "शेजारी पायाची मोठी नस. जरा हात चुकला तर पाय जाईल तिचा! आणि गाठ साधी आहे. जिवावर बेतणारी असती तर गोष्ट वेगळी."

"धमन्यांचा सर्जन शेजारी उभा करायचा."

"माझ्या थिएटरात?"

सर उशीत तोंड खुपसून तसेच पडून राहिले. आपण काय बोलून बसलो ते शार्दूलच्याही कानावर पडलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला. मग सरांचा आला, कारण तो सोपा होता.

"एमआरआयमध्ये मागचं अस्तर बिघडलेलं दिसलं होतं?"

"...दिसलं होतं."

"तिला सांगितलंस, मागचं मी ठेवलंय म्हणून?"

"मी सांगितलं, या गाठीची जातच अशी. परत येते. पुस्तकातही तसंच लिहिलंय."

बाहेर दूधवाल्याने हॉर्न वाजवला. सर हलले नाहीत. शार्दूल दारापर्यंत गेला, चपला पायात सरकवल्या, पुन्हा काढल्या आणि परत आला.

"सर, उठा ना. काहीतरी बोला! उद्या ती समोर बसणार आहे. काय सांगू तिला? परत आली म्हणून?"

उशीतून आवाज आला.

"परत यायला आधी जावं लागतं, शार्दूल."