पहिली टोपली

फार पूर्वी डोंगराच्या उतारावर एक देश होता. देश म्हणायचा एवढंच. सकाळी पायथ्याहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला वरच्या टोकाला पोचायचा. पायथ्याशी खालचं गाव, माथ्याजवळ वरचं गाव आणि मधोमध राजाचं घर. या देशात सफरचंदं पिकायची, आणि ती सगळी खालच्या गावात. वरच्या गावाच्या थंडीत बटाट्यापलीकडे काही येत नाही, असं सगळे धरून चालत.

पीक किती आलं, कुठे आलं, याची मोजदाद त्या देशात कोणी करत नसे. त्याऐवजी एक रीत होती. मोसमाची पहिली टोपली राजाकडे न्यायची. आणणाऱ्याला राजा आपल्या शेजारी पाटावर बसवायचा, सगळ्यांसमोर एक फळ खायचा, आणि मगच देशातली पोरंबाळं सफरचंदाला हात लावायची. ज्या गावची टोपली पहिली, त्या गावाला राजाच्या बागेतली सफरचंदाची नवी रोपं मिळायची. इतका सोपा कारभार होता, आणि बरीच वर्षं तो नीट चालला.

टोपली दर वर्षी खालच्या गावातली एक म्हातारी आणायची. तिच्या सासूनं लावलेलं झाड सगळ्यांत आधी पिकायचं. म्हातारी एरवी गरीब गाय, पण टोपलीच्या दिवशी तिचा रुबाब बघावा. ठेवणीतलं लुगडं नेसायची, पाठ ताठ ठेवायची आणि वाटेत कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. वर्षभर तिला कोणी विचारत नसे. त्या एका दिवसावर ती बाकीचं वर्ष काढायची.

पण हळूहळू हिवाळे बदलले. पूर्वी म्हातारीच्या अंगणात बर्फ साचायचं, ते आता अर्ध्या वाटेवरच थांबू लागलं. आणि पुरेशी थंडी मिळाली नाही की सफरचंदाचं झाड नीट फुलत नाही. खालच्या गावात आधी फळं कमी झाली, मग बारीक झाली, आणि एका वर्षी म्हातारीच्या झाडाला नावालासुद्धा फळ धरलं नाही. गावात सगळ्यांची तीच गत होती. पण जो तो समजत होता की आपल्याच झाडाला काहीतरी झालंय, आणि लाजेनं गप्प बसत होता.

म्हातारीची लेक वरच्या गावात दिली होती. सासरी जाताना तिनं आईच्या झाडाचं कलम नेलं, तेव्हा सगळे हसले होते. आता त्याच कलमाचं झाड फळांनी लगडलं होतं, आणि तिचं बघून शेजारणींनीही झाडं लावली होती.

म्हातारी काठी टेकत लेकीकडे गेली. लेकीनं पाणी दिलं आणि विचारलं, "आई, टोपली गेली का? आम्ही तोडायचे थांबलोय."

"कसली टोपली गं," म्हातारी म्हणाली. "यंदा झाडाला काही नाही. पाट रिकामाच राहणार."

लेकीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठली आणि आपल्या झाडाची फळं तोडून टोपली भरली. "ही घेऊन जा. तुझ्याच झाडाचं लेकरू आहे ते."

"पण तुमच्या गावाला रोपं मिळाली असती."

"बघू पुढच्या वर्षी," लेक म्हणाली.

घरामागे नव्या रोपांसाठी खड्डे खणून ठेवले होते. म्हातारीनं ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

टोपली घेऊन ती राजाच्या घरी पोचली. "आजी, यंदा फार वाट बघायला लावलीस," राजा हसून म्हणाला.

"पाय थकले, महाराज," म्हातारी म्हणाली आणि पाटावर बसली.

राजानं फळ हातात घेतलं. वरच्या थंडीत पिकलेलं ते फळ लालभडक होतं. राजानं ते उंच धरलं. "खालच्या गावचं सफरचंद इतकं लाल मी कधी पाहिलं नव्हतं. तिथली जमीन अजून सुधारतेय. यंदा बागेतली सगळीच्या सगळी रोपं खालच्या गावाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीला त्या दिवशी पाट टोचत होता, पण ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. शेजारी आपली डाळिंबाची झाडं तोडत होता. सफरचंद येईनासं झाल्यापासून याच डाळिंबांवर त्याचं घर चालत होतं. एक झाड आडवं झालं होतं.

"हे काय करतोस रे?" म्हातारीनं विचारलं.

"रोपांना जागा करतोय, काकी. मला वाटायचं, आता माझ्या जमिनीत सफरचंद होत नाही. पण तुमची जमीन तीच, पाणी तेच, आणि फळ बघा केवढं आलं. माझ्याच हाताला गुण नव्हता."

गप्प राहिली तर पुढच्या वर्षीही पाट तिचाच होता. तिनं दुसऱ्या झाडापाशी जाऊन बुंध्याला मिठी मारली. "थांब. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. ती फळं माझी नव्हती, लेकीची होती."

शेजाऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. म्हातारी तशीच, साध्या लुगड्यात, राजाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

राजा म्हणाला, "आजी, आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पाटावरून उठवलं असतंत."

"उठवलं असतं," राजा म्हणाला. "पण घरातून तर घालवलं नसतं. आणि चूक माझीही आहे. एका टोपलीवरून मी सगळा देश बघत होतो. कधी डोंगर चढून पाहिलं नाही."

त्याच दिवशी तो डोंगर चढला. रोपं वरच्या गावाला गेली आणि लेकीच्या घरामागचे खड्डे भरले. खालच्या गावात मग शेजाऱ्याच्या डाळिंबांची कलमं घरोघर लागली, आणि आपलं झाड फळत नाही हे लोक एकमेकांना मोकळेपणानं सांगू लागले.

पुढच्या मोसमात पहिली टोपली लेकीनं आणली. पाटापाशी येऊन ती घुटमळली आणि गर्दीत आईला शोधू लागली.

"बस बाई," म्हातारी मागून म्हणाली. "आणि पाठ ताठ ठेव."

लेक बसली. म्हातारीचे डोळे भरून आले. वाईट वाटलं का, तर वाटलं. इतक्या वर्षांची जागा होती ती. पण राजानं फळ खाल्ल्यावर लेकीनं पहिली फोड आईच्या हातावर ठेवली, आणि ती म्हातारीला अतिशय गोड लागली.

घरी परतल्यावर तिनं शेजाऱ्याच्या तोडलेल्या डाळिंबाला पाणी घातलं. ते रोज तीच घालायची. बुंध्यातून नवे फुटवे आले होते, पण फळ धरायला अजून काही वर्षं जाणार होती.

तात्पर्य: मान आपल्याकडून दुसऱ्याकडे गेला की दुःख होतं, पण ते सोसता येतं. तो खोटं बोलून धरून ठेवला, तर कुऱ्हाड आपल्याच माणसांच्या झाडांवर पडते.