शांतारामचा लगाम

राजा झुंजाररावांना सासुरवाडीहून एक घोडा आला. त्याचं नाव शांताराम. नावाखेरीज त्याच्यात शांत असं काहीच नव्हतं! राजांनी बसून लगाम ओढला, की हा थांबायचं सोडून उधळे. एकदा राजांसकट कुंभाराच्या मडक्यांत शिरला, एकदा परटाच्या धुण्यात. सासऱ्यांचा आहेर परत पाठवणार कसा? मग खापर फुटलं सोनबा जिनगराच्या माथ्यावर. राजवाड्यातले लगाम तोच शिवायचा ना!

"महाराज," सोनबा हात जोडून म्हणाला, "लगामासाठी तुम्ही निवडलेली कडी काटेरी आहे. ती जनावराच्या तोंडात टोचते. वर नाकपट्टा इतका आवळलाय की जबडा हलत नाही. त्याला त्रास होतोय."

"तुला कसं कळलं?" राजे गरजले. "घोडा येऊन तुझ्या कानात सांगून गेला?"

"तसं नाही, पण..."

"पण नाही नि बिण नाही! उद्या नवा लगाम घेऊन ये. आणि भर दरबारात घोड्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, 'लगाम बरोबर बसला!' नाही सांगितलं, तर घोड्याच्या जागी तुलाच गाडीला जुंपीन!"

सोनबा घरी आला तो पार गळून. त्याची मुलगी ठकू चामडं कापत बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "घोडा काय बोलेल ते आपण नंतर बघू. आबा, महाराजांच्या तोंडाचं माप केवढं असेल?"

"अगं, काय बोलतेस हे!"

"भोपळ्याएवढं धरते," म्हणत ठकूनं दोरा उचलला.

सकाळी दरबार राजवाड्याच्या चौकात भरला. ठकू एका हातात शांतारामची दोरी आणि दुसऱ्या हातात थैली घेऊन आली, मागोमाग सोनबा. थैलीतून तिनं नवा लगाम काढला. कडी गुळगुळीत होती. नाकपट्टा लावून तिनं त्याच्या आत दोन बोटं सरकवून पाहिली. शांतारामनं जबडा हलवला, जीभ फिरवली आणि शेजारच्या खांबावरची झेंडूची माळ खायला सुरुवात केली.

"माळ राहू दे!" राजे ओरडले. "बोलायला सांग त्याला!"

ठकूनं घोड्याच्या तोंडाला कान लावला आणि मान डोलावली.

"महाराज, तो म्हणतो, बोलायला माझी ना नाही. पण लगाम घालून बोलतात कसं, हे मला कुणी शिकवलंच नाही! जनावर धन्याचं बघून शिकतं. तुम्ही एकदा बोलून दाखवा, लगेच शिकेल."

सोनबानं डोळेच मिटून घेतले. पण राजे माघार घेतील तर ते झुंजारराव कसले!

"हात्तिच्या! त्यात काय एवढं? आण लगाम!"

ठकूनं थैलीतून दुसरा लगाम काढला. राजांच्या आवडीची तीच काटेरी कडी, तोच नाकपट्टा, फक्त माप राजांचं!

"पट्टा जरा सैल ठेवू का, महाराज?"

"सैल? मी घोड्यासाठी सांगितला होता तेवढाच आवळ!"

"जशी आज्ञा!" ठकूनं राजांच्या पाठीला गुडघा टेकवून पट्टा आवळला.

राजांनी छाती फुगवली आणि म्हणाले, "अआं अओअ अअआ!"

"वाहवा! काय स्पष्ट उच्चार!" प्रधानजींनी टाळ्या पिटल्या.

राजांचे डोळे पांढरे झाले. ते लगामाकडे बोट दाखवत किंचाळले, "काआ! काआ!"

"काढा!" प्रधानजी ताडकन उठले. "ऐकलंत का? महाराजांना काढा हवाय! वैद्यराज, धावा!"

वैद्यराज धावले. कडुनिंबाचा कडू जहर काढा घेऊन आले आणि कडीच्या बाजूनं राजांच्या तोंडात ओतू लागले. राजांनी मान झटकली, पगडी उडाली. त्यांनी पाय आपटले, वैद्यराज आपटले.

"काआ! काआ!"

"आणखी आणा! महाराजांना फार आवडलेला दिसतोय!" प्रधानजी म्हणाले.

शेवटी ठकूलाच दया आली. तिनं पट्टा सोडला.

"अरे मूर्खांनो!" राजे थुंकत ओरडले. "काढा म्हणजे लगाम काढा! प्यायचा काढा नव्हे!" मग ते ठकूकडे वळले. "मी बोललो की नाही? आता बोलू दे तुझ्या घोड्याला!"

"तो केव्हाच बोलून मोकळा झाला, महाराज."

"मला कसं ऐकू आलं नाही?"

"महाराज, तुमच्या तोंडात कडी होती, तेव्हा तुमचं मराठी तुमच्याच प्रधानजींना कळलं नाही. मग घोड्याच्या तोंडात कडी असताना त्याची भाषा तुम्हाला कशी कळावी? तुम्ही मान झटकली, पाय आपटले. हा महिनोन् महिने तेच सांगत होता. आज नवा लगाम चढला, तर माळ खातोय बघा निवांत. याहून साफ आणखी काय बोलायचं त्यानं!"

राजे लाल झाले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण जिभेवर काढ्याचा कडूपणा आला आणि चेहरा असा काही वाकडा झाला, की समोरच्या पाण्याच्या घंगाळात तो पाहून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं! ते हसत हसत शांतारामवर बसले आणि चौकात फेरी मारली. लगामाला नुसतं बोट लावलं, तसा शांताराम थांबला!

"शाबास, पोरी! माग, काय हवं ते माग!"

"पागेतल्या सगळ्या घोड्यांचे पट्टे सैल करू द्या, महाराज. आणि आबांना गाडीला जुंपू नका, त्यांचे गुडघे दुखतात!"

"दिलं! आजपासून पागेचे सगळे लगाम तुझ्या हुकमात. आणि पागेतली पांढरी शिंगी घोडी तुला बक्षीस!" राजे पोट धरून हसत म्हणाले. "आणि वैद्यराज, उरलेला काढा प्रधानजींना पाजा. त्यांच्या कानांना औषधाची फार गरज आहे!"