न हरलेलं वर्ष

“तो आवाज अजून येतो का रं तुझ्या कानात?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

कुठला आवाज, ते सर्जेरावला विचारावं लागलं नाही.

लाकडी खांबावर ओला चेंडू आदळल्याचा आवाज. ठप्प!

फार जुनी गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा गोलचे खांब लाकडाचे असत आणि सर्जेराव कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. त्या वर्षी टीम एकही मॅच हरली नव्हती. शेवटच्या मॅचची शेवटची मिनिटं चालली होती. निपाणीकडच्या बिरू नावाच्या डावखुऱ्या पोरानं असा काही फटका मारला, की सर्जेराव तांबड्या चिखलात आडवा पडून नुसता बघत राहिला. चेंडू खांबाला लागला आणि बाहेर गेला.

एका गोलनं मॅच जिंकली, वर्ष न हरता पार पडलं.

“येतो की, वस्ताद. मैदानात पाऊल टाकलं की येतो.”

“हं…”

दोघं तालमीमागच्या दूधकट्ट्यावर बसले होते. ऊन कलत आलं होतं. बंडा गवळी म्हशींपुढं वैरण टाकत होता. वस्तादांना आता धड दिसत नव्हतं, पण रोज संध्याकाळी ते या बाकड्यावर येऊन बसायचे. कॉलेजच्या त्या टीमला त्यांनीच घडवलं होतं. स्वतः जन्मभर अनवाणी खेळले आणि पोरांच्या बुटांच्या नाड्या मात्र बसून बांधल्या.

सर्जेराव आता त्याच कॉलेजात कोच होता. यंदा त्याची पोरंही हरली नव्हती. एकच मॅच राहिली होती. जिमखान्याच्या भिंतीवर जुन्या टीमचा फोटो होता. त्याच्या शेजारी नव्या फोटोसाठी त्यानं खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

“मग आज तोंड का असं?” वस्ताद म्हणाले. “म्हशीनं लाथ मारल्यागत.”

“समोरची टीम आलीच नाही, वस्ताद. त्यांची गाडी घाटात बंद पडलीय. पोरं तिथंच रस्त्याकडेला बसलीत. त्यांच्या सरांचा फोन होता. मॅच उद्यावर घ्या म्हणतात.”

“मग घे की.”

“नियमानं मी नाही म्हणू शकतो. वेळेत आले नाहीत, म्हणजे वॉकओव्हर. म्हणजे आम्ही जिंकलो.”

“न खेळता?”

“नियमानं.”



सर्जेराव घाईघाईनं पुढं बोलू लागला. “माझा सेंटर हाफ लंगडतोय. स्टॉपरच्या अंगात ताप आहे. पोरं रात्र रात्र झोपत नाहीत, हरायच्या भीतीनं. आज सगळं हातात आहे, वस्ताद. उद्याचं काय सांगता येतंय? दिवस मावळायच्या आत कळवायचंय मला. तुम्ही फक्त ‘घे’ म्हणा. तुम्ही म्हणालात, की माझ्या मनाला लागणार नाही.”

वस्तादांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बिरूच्या लग्नात जिलेबी कुणी जास्त खाल्ली रं? तू, का अंतू?”

सर्जेरावला राग आला. आणि टीममधला अंतू आठवून हसूही आलं.

“अंतूनं. मांडवातच झोपला होता तो. नवरदेवाच्या गादीवर.”

“नवरीच्या मामानं उठवला त्याला.”

“पाणी ओतून.”

दोघंही बराच वेळ हसत होते. अंतूला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

“आपण कसं काय गेलो रं त्या लग्नाला?” वस्तादांनी विचारलं. “बिरू ना नात्यातला, ना गावातला. वर आपण त्याला हरवलेला.”

सर्जेरावला आठवेना…

“बंडा,” वस्तादांनी हाक दिली. “एक पेला काढ.”

बंडानं म्हशीखाली बसून पेल्यातच धार काढली. वर फेस आला. पेला वस्तादांनी दोन्ही हातांनी घेतला आणि सर्जेरावपुढं धरला.

“नको, वस्ताद. आत्ताच चहा झालाय.”

“तुला न्हवं. धर नुसता.”

पेला हातात आला, त्याची ऊब तळव्याला लागली, आणि सर्जेरावला आठवलं.

वस्तादांचा तसा रिवाजच होता. जिंकलेल्या टीमनं आंघोळीआधी, अंगावरच्या चिखलासकट, हरलेल्यांना या कट्ट्यावर आणायचं. पेला जिंकलेल्यानं धरायचा, दूध हरलेल्यानं प्यायचं. ते पिऊन झाल्याशिवाय जिंकणाऱ्याला घोट मिळायचा नाही. त्या दिवशी मैदानात रडलेला बिरू याच बाकड्यावर बसला होता. सर्जेरावच्या हातून त्यानं दोन पेले रिचवले, आणि ओठावर फेसाची मिशी तशीच ठेवून विचारलं होतं, “काय रं, त्यो खांब तुझा मावसभाऊ लागतो व्हय?”

सगळा कट्टा हसला होता. बिरूही.

एवढं सगळं कसं पुसून गेलं होतं! कानात उरला होता तो नुसता खांबाचा आवाज.

“जिंकलास न्हवं आज?” वस्ताद म्हणाले. “पाज की मग.”

सर्जेरावनं समोर पाहिलं. समोरच्या बाकड्यावर कुणी नव्हतं. बंडाची वैरणीची पाटी तेवढी होती.

“वस्ताद…”

“हं.”

“पोरांनी वर्षभर घाम गाळलाय. उद्या हरली तर?”

“तर त्यास्नी दूध मिळंल.”

म्हशी वैरण खात होत्या. पेल्यातला फेस हळूहळू बसत होता. सर्जेराव त्याच्याकडं बघत राहिला… खाली मान घालून, एके काळी बुटांच्या नाड्या बांधून घेताना बसायचा तसा.

वस्तादांनी हात पुढं करून त्याचा गुडघा चाचपला, थोपटला.

“तुमच्या कॉलेजला नवी बस आलीया म्हणं,” ते म्हणाले. “घाट चढती का ती?”

सर्जेरावनं पेला त्यांच्या हातात दिला. वाकून पायाला हात लावला आणि कॉलेजच्या रस्त्याला लागला.