हृदयाचा पहिला घोट

कोणत्या राजाचं राज्य होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात विहीर एकच, पण मोठी. विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, चाक फिरायचं, आणि मडक्यांची माळ खालून भरून वर यायची नि पाटात रिकामी व्हायची. पाटातून पाणी साऱ्या शेतांना जायचं. उरलंसुरलं जमिनीत मुरून पुन्हा विहिरीकडेच यायचं.

हा रहाट एक बाई चालवायची. गाव तिला आक्का म्हणायचं. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. तिचा सारा जीव रहाटाच्या बैलावर, पवळ्यावर होता.

त्या गावाची एक रीत होती. रहाटवाल्याने पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. मडक्यातून ओंजळभरसुद्धा मध्येच घ्यायचं नाही. म्हणून बैलाचा हौद विहिरीजवळ नव्हता. पाट जिथे संपतो तिथे, शेवटच्या शेताच्याही पलीकडे होता. आलेल्या पाहुण्याला लोक ही रीत कौतुकाने सांगायचे. आक्कालाही तिचा अभिमान होता. रहाट तिच्या हाती देताना सासूने एवढंच सांगितलं होतं, "बाई, आधी गाव, मग आपण."

एका वर्षी उन्हाळा लांबला. विहिरीचं पाणी खोल गेलं. तहानलेली जमीन पाटातलं पाणी वाटेतच पिऊन टाकू लागली. हौदात चिखल तेवढा उरला. आक्का संध्याकाळी आपल्या घरच्या घागरीतलं पाणी पवळ्यापुढे धरायची आणि स्वतः ओठ ओले करून झोपायची. पवळ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आक्काच्या छातीत चालताना धडधड व्हायची, पण ती कुणाला बोलली नाही.

शेवटचं शेत तात्यांचं होतं. ते रोज येऊन कुरकुरायचे.

"आक्का, आजही पाणी माझ्या बांधाशी येऊन थबकलं! हाक की जरा त्याला. जावई आहे का तो तुझा?"

"दमलाय हो तात्या तो."

"दमायला काय झालं? दिवसभर पाण्यापाशीच तर असतो!"

आणि एका सकाळी पवळ्या फिरता फिरता खाली बसला. आक्काने त्याला गोंजारलं, विनवलं. तो उठेना. रहाट थांबला तसे लोक धावत आले. कुणी म्हणालं शेपूट पिरगाळा, कुणी म्हणालं चाबूक आणा.

"कुणी हात लावायचा नाही त्याला!" आक्का म्हणाली. तिने पवळ्याच्या मानेवरचं जू काढलं, स्वतःच्या छातीशी धरलं आणि रहाट ओढू लागली. मडकी थोडीशी हलली. मग तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पवळ्याच्या अंगावरच कलंडली.

त्या दिवसांत गावाबाहेर एका म्हाताऱ्या धनगराचा मेंढ्यांचा कळप उतरला होता. त्याला नाडी बघता यायची. लोकांनी त्याला बोलावून आणलं. त्याने आक्काच्या तोंडावर पाणी मारलं, तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसला.

"पोरी, छातीवर हात ठेव. काय लागतं हाताला?"

"धडधडतंय बाबा."

"तुझाच रहाट आहे तो. तिथून निघालेलं रक्त डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत जातं. सगळ्यांना देऊन थकलेलं, काळपट होऊन परत येतं. मग हृदय त्याला फुफ्फुसांकडे धाडतं. तिथे श्वासाचा वारा लागला की ते पुन्हा लालभडक होतं, हृदयात येतं आणि निघतं गावाला. आत दारं आहेत, पुढे गेलेलं मागे येऊ देत नाहीत. मेंढ्या कापताना त्यांच्या छातीत पाहिलंय मी हे सगळं. माणसाचंही तसंच."

आक्का क्षीण हसली. "मग त्याला काय कमी बाबा? सदा रक्ताने भरलेलंच असतं ते."

"तिथेच सगळे फसतात." म्हातारा म्हणाला, "आत कितीही रक्त असो, हृदयाच्या भिंती जाड. आतल्या रक्ताने त्यांची तहान भागत नाही. त्यांना वेगळं पाणी लागतं. आता सांग, हृदयाची वाटणी पाटावर कुठे असेल?"

"शेवटी," आक्का चटकन म्हणाली. "सगळ्यांना देणारं ते. शेवटीच घेत असेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. "सगळ्यांत आधी. मोठी धमनी हृदयातून बाहेर पडते ना, तिच्या अगदी तोंडाशी दोन बारीक फाटे फुटतात. ते मागे वळून हृदयालाच मिठी मारतात. पहिला घोट त्याचा. आणि तोही ते काम करताना घेत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर सैल पडतं ना, तेव्हा पितं. तो घोट चुकला तर बाकी शरीराला कोण देणार?"

आक्का हळूच म्हणाली, "पण सासूबाईंचा शब्द कसा मोडू?"

"त्या कशानं गेल्या?"

आक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सासू असाच एक उन्हाळा सोसून याच रहाटाशी कोसळली होती. किती पुण्यवान मरण, असं गाव म्हणालं होतं. आक्काही म्हणाली होती. सासूचे ओठ तेव्हा किती कोरडे होते, हे मात्र आक्काला आज पहिल्यांदा आठवलं.

ती उठली. पाट जिथे सुरू होतो तिथेच तिने खुरप्याने एक छोटी वाट कोरली, आणि तिच्या तोंडाशी घरातली काहील, गूळ करायची मोठी कढई, मांडली. लोकांनी हातभार लावून थोडा रहाट फिरवला. पाणी आलं. पवळ्याने बसल्या जागीच मान पुढे करून घटाघटा प्यायला सुरुवात केली. आक्कानेही त्याच्याशेजारी बसून ओंजळ भरली.

"वा आक्का!" तात्या कडाडले. "सासूचा शब्द विहिरीत टाकलास की! आता माझ्या शेताचं काय?"

आक्काने पवळ्याच्या पाठीवर हात ठेवला. "टाकला नाही तात्या. पण गावाला पाणी पवळ्याच्या पायांनी जातं. ते पायच थकले तर तुमच्या शेतापर्यंत कोण येणार?"

तात्या पाय आपटत निघून गेले.

पवळ्या हळूहळू सावरला. आक्का त्याला काही फेऱ्यांनंतर सावलीत उभं करायची, पाणी पाजायची, आपणही प्यायची. मग दोघं पुन्हा कामाला लागायची. रहाट संथ, पण न अडता फिरू लागला. आणि एका दुपारी पाणी तात्यांच्या बांधाशी न थबकता आत शिरलं आणि वाळत चाललेल्या वांग्यांच्या मुळाशी पोचलं.

तात्यांनी पाटाच्या शेवटचा जुना हौद मोडला, त्याचे दगड एकेक करून डोक्यावरून विहिरीपाशी वाहिले आणि पाटाच्या तोंडाशी नवा हौद बांधला. आक्का पदराने डोळे पुसत होती, तर तिच्यावरच खेकसले, "बघत काय बसलीस? चिखल कालव!"

तेव्हापासून त्या गावाची रीत बदलली, आणि पुढे तिथला रहाट कधी अडला नाही.

तात्पर्य : ज्याच्या जिवावर अनेकजण जगतात, त्याने आपला घोट आधी घेणं हा स्वार्थ नाही, ती त्याच्या कामाचीच सुरुवात आहे.