डाव्या कानाची नोकरी

डोंगरातल्या चौकीजवळ तोफगोळा फुटला, तो आवाज धोंडिबा इंगवल्याच्या डाव्या कानानं ऐकलेला शेवटचा. फौजेनं त्याला घरी पाठवलं आणि तो तालुक्याच्या कचेरीत पट्टेवाला झाला. आता निवृत्ती आली होती. कचेरीतली वर्षं पेन्शनला कमी पडत होती; फौजेतली धरली तरच पेन्शन बसणार होती, आणि घरी बायको अंथरुणाला खिळलेली.

त्याचा तसा अर्ज पाहून कचेरीचे प्रमुख देवस्थळी साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "धोंडिबा, फौजेतलं फौजेत राहिलं. कचेरीला त्याचं काय?"

"खरं आहे, साहेब," धोंडिबा सावकाश म्हणाला. "पण माझ्या बढतीची वेळ आली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, याचा कान फौजेत गेलाय, याला घंटी ऐकू येत नाही, बढती नको. फौजेतलं बहिरेपण कचेरीनं धरलं, मग फौजेतली नोकरी तेवढी कशी सोडता?"

घंटीकडे निघालेला साहेबांचा हात मध्येच थांबला. त्यांनी फौजेतली वर्षं धरायची शिफारस लिहिली आणि ते उठले.

एखादा शब्द येईल म्हणून धोंडिबानं उजवा कान पुढं केला. साहेब काही न बोलता निघून गेले.