पडवीतले तीन डबे

“आणि तुमच्या घरातला कचरा कुठं असतो?” बुवांनी विचारलं.

अनंत वाटवे गडबडले. त्यांनी विचारलं होतं मनातल्या मळाबद्दल. तो कसा जातो, किती दिवसांत जातो आणि गेल्याचं कळतं कसं, असे तीन प्रश्न ते घरून कागदावर लिहून आले होते.

गेलं दीड वर्ष वाटवे दर गुरुवारी टेकडीवरच्या या लहानशा मठात येत होते. त्यांना बुवांचा अनुग्रह हवा होता. बुवांनी कानात मंत्र सांगितला की आयुष्याचं सोनं झालं, अशी त्यांची खात्री होती. तीनदा मागून झालं होतं आणि तिन्ही वेळा बुवा “बघू” म्हणाले होते. यंदा सत्तरी उलटली, तेव्हापासून वाटव्यांना या “बघू”ची धास्तीच वाटू लागली होती.

पण कचऱ्याचं म्हणाल तर तो त्यांचा घरचा विषय. नगरपालिकेत एकतीस वर्षं त्यांनी स्वच्छता निरीक्षक म्हणून काढली होती. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे गावाला त्यांनी शिकवलं. घंटागाडीवर सकाळी जे गाणं लागतं तेही त्यांनीच रचलेलं. चालीत बसत नाही, पण अजून लागतं.

तेव्हा वाटवे सरसावून बसले. स्वयंपाकघरामागच्या पडवीत तीन डबे आहेत, असं त्यांनी सांगितलं. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा आणि फुटक्या काचा, जुनी औषधं, बॅटऱ्या यांचा काळा. हिरव्याच्या तळाशी रोज वर्तमानपत्राची घडी. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून मगच निळ्यात. डबे दर रविवारी धुतले जातात. कोण धुतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तसं कुणी विचारतही नाही.

“दारातून आत आलेल्या माणसाला आमच्या घरात कचरा आहे याचा पत्ता लागत नाही,” वाटवे म्हणाले.

“वास येत नाही?”

“अजिबात नाही.”

“कुणाला?”

“कुणालाच नाही, बुवा.”

बुवांनी समोरच्या तुळशीचं एक वाळकं पान खुडलं.

“येत्या गुरुवारी घरी येतो,” ते म्हणाले. “डबे बघतो. अनुग्रहाचंही तिथंच बघू.”

वाटवे टेकडी उतरले ते जवळजवळ पळतच.

त्यानंतरचे सात दिवस त्या घरावर काय गुदरलं ते शालनवहिनींनाच ठाऊक. वाटव्यांच्या पत्नी म्हणजे सोशिक बाई, पण चौथ्या दिवशी त्याही म्हणाल्या, की बुवा येणार आहेत की नगरपालिकेचे मुख्याधिकारी? वाटव्यांना ते ऐकू गेलं नाही. ते डब्यांना नवीन चिठ्ठ्या चिकटवत होते.

आणि पडवीत एक अडचण होती.

ती अडचण म्हणजे द्वारकाआक्का. वाटव्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर गावाकडचं घर आवरून ती इकडे आली, त्याला पाच वर्षं झाली. खोल्या दोनच. समोरच्या खोलीत वाटव्यांचं देवघर आणि मानपत्रं, आतल्या खोलीत नवराबायको. तेव्हा पडवीला जाळी लावून घेतली आणि आक्काची घडीची खाट तिथं टाकली. तिथं वारा चांगला येतो, असं वाटवे सगळ्यांना सांगत. आक्काही तेच सांगे.

डबे तिथं आधीपासून होतेच. आक्का आली, आणि डब्यांचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. खाटेवर बसून ती सुका निवडी, पिशव्या धुई, गाणं ऐकू आलं की हिरवा डबा उचलून गाडीपर्यंत नेई. नाव मात्र वाटव्यांचं होत होतं, आणि तेही गावभर.

गुरुवारी सकाळी वाटव्यांनी बहिणीला समजावलं. डबे नीट दिसायला हवेत, मध्ये खाट आली की सगळी मांडणी झाकली जाते. एका दिवसाचा प्रश्न आहे. आक्का म्हणाली, बरं. तिनं स्वतःच खाट मिटून न्हाणीघराच्या दाराआड उभी केली, अंथरूण माळ्यावर टाकलं, पत्र्याची ट्रंक स्वयंपाकाच्या ओट्याखाली सरकवली आणि पुरण वाटायला बसली.

पडवी लख्ख झाली. तीन डबे एका ओळीत, वर झाकणं, मागं रिकामी भिंत. वाटव्यांनी दारात उभं राहून ते दृश्य दोनदा पाहून घेतलं. बढती मिळाली होती त्या दिवशी त्यांना असं वाटलं होतं.

अकराला बुवा आले. बरोबर कुणी नाही, हातात एक काठी. वाटव्यांनी त्यांचे पाय धुतले, पाद्यपूजा केली, झेंडूचा हार घातला. बुवांनी सगळं निमूटपणे करून घेतलं. मग हार काढून हातात धरला.

“हा कुठल्या डब्यात टाकायचा?”

वाटव्यांनी जीभ चावली. हे निर्माल्य, ते डब्यात कसं जाईल? त्यांनी देवघराशेजारचा कोनाडा दाखवला. तिथं तांब्याचं झाकणाचं भांडं होतं. देवाला वाहिलेली फुलं त्यात जमा होतात आणि पौर्णिमेला नदीकाठच्या कलशात जातात, असं त्यांनी सांगितलं.

“म्हणजे कोमेजलेल्यालासुद्धा तुमच्याकडे देवाशेजारी जागा आहे,” बुवा म्हणाले. “बरं आहे.”

वाटव्यांना हे कौतुक वाटलं. त्यांनी ते मनात टिपून घेतलं.

“आता डबे दाखवा.”

पडवीत वाटव्यांनी एकेक झाकण उघडून समजावून सांगितलं. हिरव्यात सकाळचा चहाचा चोथा आणि कोबीची पानं होती, निळ्यात तेलाची रिकामी पिशवी, काळ्यात काहीच नव्हतं. बुवा मान डोलावत होते. पण त्यांची नजर डब्यांवर नव्हती, मागच्या भिंतीवर होती.

पांढऱ्या चुन्यावर, जमिनीपासून दीड हात उंचीवर एक गोल डाग होता. तळहाताएवढा, पिवळसर, मध्यभागी गडद. वाटव्यांनी सात दिवस पडवी घासून घेतली होती, आणि हा डाग त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसत होता.

“हा कशाचा?”

“ओल असेल, बुवा. पावसाळ्यात धरते.”

बुवांनी वाकून डागावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग काठी बाजूला ठेवली, भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि डोकं मागं टेकलं. ते नेमकं डागावर आलं.

सतरंजी आणायला वाटवे वळणार, तोच स्वयंपाकघरातून आक्का पाण्याचं भांडं घेऊन आली. बुवांना तिथं बसलेलं पाहून ती थबकली.

“बुवा, भिंत गार लागते तिथं,” ती म्हणाली. “माझी उशी देते पाठीला.”

आणि स्टुलावर चढून तिनं माळ्यावरची उशी काढली. अभ्रा जुना, पण धुतलेला. त्यावरही मध्यभागी खोबरेल तेलाचा तसाच गोल डाग होता.

बुवांनी उशी घेतली, पाठीशी ठेवली आणि ते पाणी प्यायले. आक्का आत गेली.

“मला जेवायला इथंच वाढा,” बुवा म्हणाले.

“इथं?” वाटव्यांच्या तोंडून निघून गेलं. “बुवा, इथं नको. डब्यांशेजारी जेवू नये. मीच नियम घालून दिलाय, दारावर लावलाय बघा. माणसाच्या उठण्याबसण्याच्या, खाण्याच्या जागेपासून डबा दहा फूट लांब.”

“दहा फूट.”

“किमान.”

बुवांनी उजवा हात पसरला. अंगठा डागावर ठेवला, करंगळी हिरव्या डब्याच्या दिशेनं टेकवली. एक वीत. हात सरकवला. दोन वीत. पुन्हा सरकवला, आणि अर्ध्यातच बोटं डब्याला लागली.

त्यांनी हात तसाच ठेवला…

वाटवे डब्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघणं शक्य नव्हतं. आतून पुरणपोळी भाजल्याचा वास येत होता. लाटणं थांबलं होतं.

मग बुवा जेवले. तिथंच, डब्यांशेजारी, पानावर, व्यवस्थित, दोन पुरणपोळ्या आणि वर भात. वाढायला शालनवहिनी आल्या तेव्हा त्यांनी आक्काला पाठवायला सांगितलं, आणि तिच्याशी ते तिच्या गावच्या विहिरीबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले. वाटवे दारात उभे राहून ऐकत होते. बहिणीचे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत होतं. हिरवा डबा भरल्यावर किती जड होतो हेही माहीत होतं. या दोन गोष्टी त्यांनी कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या, इतकंच.

निघताना बुवा उंबऱ्याशी थांबले. वाटवे हात जोडून उभे होते. मागायची लाज वाटत होती आणि न मागता राहवतही नव्हतं.

“बुवा, तो अनुग्रह…”

“पडवीत वास येतो का, वाटवे?”

वाटव्यांनी प्रामाणिकपणे श्वास ओढला. धुतलेले डबे, फिनेल, पुरण.

“नाही, बुवा.”

“मग राहू द्या,” म्हणून बुवा पायऱ्या उतरले.

वाटवे चिडले. का चिडू नये? एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, त्याच्या घरात येऊन, त्याच्याच पुरणपोळ्या खाऊन, असं बोलायचं? संध्याकाळी त्यांनी तावातावानं स्वतःची गादी उचलली, आक्काला आतल्या खोलीत शालनवहिनींच्या शेजारची जागा दिली आणि घडीच्या खाटेवर पडवीत स्वतः मुक्काम टाकला. वास येत नाही हे ते सिद्ध करणार होते. आक्कानं नको नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

पहिल्या रात्री वास आला नाही. दुसऱ्या दिवशी फणस फोडला होता, त्याची चारखंडं, म्हणजे काटेरी सालं, हिरव्यात गेली. तिसऱ्या दिवशी गाडी आली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे शालनवहिनी चहाचा चोथा टाकायला आल्या. त्यांनी सवयीनं झाकण उघडलं. आजवर झाकणाच्या या बाजूला कोण असतं याचा त्यांनाही विचार करावा लागला नव्हता. वाटव्यांचं तोंड अडीच विती अंतरावर होतं.

ते उठून बसले. मग घंटागाडीचं गाणं ऐकू आलं, त्यांचंच. पाच वर्षं हे गाणं आपल्याआधी आक्काला ऐकू येत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डबा उचलला. तो त्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाला, आणि फाटकापर्यंत त्यांना दोनदा खाली ठेवावा लागला.

परत आल्यावर ते आक्कासमोर बसले. ती मेथी निवडत होती.

“आक्का, तुला पाच वर्षं वास येत होता?”

“येतो की. कचराच तो.”

“मग बोलली का नाहीस?”

आक्कानं एक काडी मोडली.

“बोलले असते तर तू आणखी घट्ट झाकण आणलं असतंस, अनंता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. वाटव्यांना राग असता तर बरं वाटलं असतं. ते तिच्यासमोर बसून मेथी निवडू लागले आणि त्यांना रडू आलं. आक्कानं ते पाहिलं आणि मेथीची अर्धी जुडी त्यांच्याकडे सरकवली.

गुरुवारी वाटवे मठात गेले. प्रश्नांचा कागद नेला नव्हता. मठात दुसरं कुणी नव्हतं, बुवा अंगणात काथ्याची दोरी वळत होते. वाटवे नमस्कार करून समोर बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

त्यांनी दोरीचं दुसरं टोक धरलं.

“बुवा,” शेवटी वाटवे म्हणाले, “वास येतो.”

बुवांनी दोरी खाली ठेवली.

“असे जवळ या,” ते म्हणाले. “कान इकडं करा.”